पिवळ्या पट्टीचे मामा

ती. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन पावलं आणि दोन गुडघे स्कूटरच्या त्या अपघातानंतर जे रजेवर गेले ते अजून कामावर रुजू झालेले नाहीत. तेव्हा उरलेल्या चारांनी जमेल तेवढा केला आहे, पूर्ण मानून घ्यावा.)

तुमची तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र लावता, की पुन्हा डबीत घालून कपाटात ठेवलंत? शेजारच्या बाईंचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही ते काढून ठेवता हे मला ठाऊक आहे, पण मग माझा फोनही वाजून वाजून दमतो. म्हणून हे पत्र. दादा असताना माझी पत्रं तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि कंसातला मजकूर गाळायचा, असं तुम्हीच एकदा सांगितलं होतं. आता तुमची तुम्ही वाचता, तर एवढी मेहेरबानी करा, कंस सोडू नका. मी मुद्द्याचं बहुतेक तिथेच लिहितो.

इकडे मी ठणठणीत आहे. कशाची म्हणून कमतरता नाही. परवा स्वतःशीच बुद्धिबळ खेळलो आणि जिंकलो. (हरलोही, पण जिंकल्याचं सांगायलाच कोणी नव्हतं, तर हरल्याचं कुणाला सांगणार?) तुम्ही काळजी करू नये. काळजी करायचीच असेल तर खाली लिहिलंय ते वाचून झाल्यावर करा.

आमच्या लॅबची सहल निघायची होती. लॅब म्हणजे तीच, दातांची. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या घडवून परत पाठवतो. इतकी वर्षं झाली, पण ज्याचे दात केले त्याचं तोंड काही मी कधी पाहिलेलं नाही. समोर नुसत्या गुलाबी हिरड्या, हसताहेत की चावताहेत ते कळत नाही. या कामामुळे लॅबमध्ये मला सगळे ‘बत्तीशी’ म्हणतात. सहल थीम पार्कला जाणार असं ठरलं होतं. सगळ्यांच्या बसला पायऱ्या, म्हणून मी माझी टॅक्सी वेगळी सांगून ठेवली. शर्टाला इस्त्री केली. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी लॅबच्या ग्रुपवर निरोप आला, की पार्क रद्द, तिथे फार गर्दी असते, त्यापेक्षा डोंगरावरच्या धबधब्याला जाऊ. त्याखाली कोणीतरी लिहिलं, ‘बत्तीशीचं कसं करायचं?’ त्याखाली तिघांनी अंगठे उमटवले. (कशाला उमटवले ते कळलं नाही.) मग कोणीतरी विचारलं, सँडविच कोण आणतंय, आणि चर्चा जी सँडविचकडे वळली ती माझ्याकडे परत आलीच नाही. वाईट लोक नाहीत हो ते. माझी चाकांची खुर्ची कामाच्या टेबलाखाली सरकवली की मी त्यांना त्यांच्यासारखाच दिसतो, हा माझाच गुन्हा. मी बरंच काय काय लिहिलं, खोडलं, आणि शेवटी ‘मजा करा’ लिहून पुढे एक हसरा चेहरा चिकटवला. पण टॅक्सी सांगितलेली, शर्ट इस्त्रीचा, दाढीही गुळगुळीत झालेली. म्हटलं, जाऊ दे धबधबा, आपण एकटेच पार्कला जाऊ.

तिकिटाच्या खिडकीत सशाचे कान लावलेली एक मुलगी होती. (कान पार्कने दिलेले, चेहरा मात्र तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.) तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग माझ्या दोन्ही बाजूंना पाहिलं. हे सगळीकडेच होतं. मी म्हणजे कोणाचं तरी ठेवलेलं सामान आहे आणि मालक येतोच आहे, असं लोकांना वाटतं.

“काका, तुमच्याबरोबर कोण आहे?”

“येताहेत,” मी म्हणालो.

का म्हणालो, ते विचारू नका. ‘कोणी नाही’ असं म्हणायला काय जड होतं? पण इस्त्रीच्या शर्टात ते शब्द तोंडातून निघेनात. मुलीने माझ्या मनगटाला एक पिवळी पट्टी बांधली आणि नियम सांगितले. पट्टीवाल्याला रांगेत थांबावं लागत नाही, त्याला वेगळं दार. त्याच्याबरोबर तिघांनाही रांगेविना आत घेतात. पण सोबती नसेल तर कुठल्याच राइडवर बसता येत नाही, कारण राइड मधेच बंद पडली तर तुम्हाला खाली कोण आणणार? (प्रश्न अगदी रास्त आहे. मी घरी स्वतःला हाच विचारतो, फक्त तिथे राइड नसते.)

वेगळं दार म्हणजे काय, ते तुम्हाला कल्पना असावी म्हणून सांगतो. चालत्या लोकांची रांग रंगीत कमानीखालून जाते, कारंज्याला वळसा घालते, वाटेत गाणी लागतात. आमचा रस्ता स्वयंपाकघराच्या मागून, कचऱ्याच्या पिंपांच्या कडेने आणि जनरेटरच्या अंगावरून. मी आजवर ज्या ज्या मोठ्या जागी गेलो त्या सगळ्यांच्या पाठी पाहिल्या आहेत. हॉटेल असो, नाट्यगृह असो, मला दर्शनी भागाची काही माहिती विचारू नका, पण कचरा कधी उचलतात ते सांगतो.

पहिली राइड बोटीची होती. दारावर एक मिशीवाला गृहस्थ वायरलेस घेऊन बसला होता. त्यानेही माझ्या मागे पाहिलं. “सोबती?” “येताहेत.” त्याने मला सावलीत घेतलं. माझ्यासमोर बोटी भरत होत्या, रिकाम्या होत होत्या. पलीकडच्या रांगेतले लोक आधी माझी पट्टी बघायचे, मग मला, मग घड्याळ. एकजण बायकोला म्हणाला, “नशीब बघ, उभं राहावं लागत नाही.” मला म्हणावंसं वाटलं, बाबा रे, अदलाबदल करू या का? पण मी नुसता हसलो. (माझे दात अजून माझेच आहेत, हसायला हरकत नसते.) बराच वेळ गेला तेव्हा मिशीवाल्याला माझी दया आली. मला न विचारता तो वायरलेसवर काहीतरी बोलला आणि अख्ख्या पार्कभर भोंगा घुमला: “निळ्या शर्टातल्या, पिवळी पट्टी असलेल्या काकांचे सोबती, आपण जिथे असाल तिथून बोटीच्या राइडपाशी या. काका वाट पाहत आहेत.”

वहिनी, जमीन दुभंगावी असं वाटणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. कोण येणार होतं? मी खुर्ची वळवून त्या पिंपांच्या रस्त्याने पळ काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात रांगेतून एक म्हातारी बाई दोरीखालून वाकून बाहेर आली. मागोमाग एक बाई आणि एक पुरुष, दोघं चाळिशीचे.

“इथे आहेस होय रे!” म्हातारी माझ्यावरच ओरडली. “सगळा पार्क पालथा घातला! एका जागी थांबायला काय होतं तुला?”

मिशीवाल्याने विचारलं, “तुमचे कोण?”

“धाकटा भाऊ. लहानपणापासून असाच आहे.”

बाई माझ्या कानाशी वाकून पुटपुटल्या, “रागावू नका हं. पाय फार दुखताहेत, आणि रांग काही हलेना.” म्हणजे माझ्यावर नव्हे, माझ्या पट्टीवर जीव जडला होता. मला सगळं कळत होतं. पण त्यांची ती मुलगी ‘मामा, चला’ म्हणाली, आणि मी गेलो.

त्यांची थोडक्यात ओळख करून देतो. मुलगी एका हॉस्पिटलात नर्स. जावई मोटार चालवायला शिकवतो. आजीबाई त्याच्या सासूबाई, म्हणून मीही मनात त्यांना सासूबाईच म्हणू लागलो. (मला लग्नाविनाच सासू मिळाली, हे तुम्ही कोणाला सांगू नका.) बोटीत बसताना नर्सबाईंनी काही विचारलं नाही, ‘जमेल का’ नाही, ‘अरेरे’ नाही. काखेत हात घातले, एक दोन तीन म्हणाल्या आणि मला उचलून बोटीत ठेवलं. वहिनी, कोणी मला हात लावल्याला किती महिने झाले होते, मला आठवेना. दुकानदारसुद्धा सुटे पैसे हातात देण्याऐवजी मांडीवर ठेवतो. त्या बोटीत मी पाणी पाहिलं नाही, प्लास्टिकचे हत्ती पाहिले नाहीत, बराच वेळ नुसता काखेतल्या त्या उबेकडे लक्ष देऊन बसलो होतो. जावईबापू मात्र प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबत होते. शिकाऊ मुलांशेजारी बसून बसून त्यांच्या पायाला ब्रेकची सवय लागली आहे, बोटीत ब्रेक नसतो हे पायाला कोण सांगणार?

मग आम्ही भुताच्या घरात गेलो, फिरत्या कपात बसलो, उंच पाळण्यात बसलो. सगळीकडे पिंपांच्या वाटेने. प्रत्येक दारावर ‘सोबती?’ असं विचारलं की मी मागे हात करायचो आणि मागे खरंच तिघं असायची. दुपारी त्यांनी मला आइस्क्रीम दिलं आणि माझा नकार कोणी ऐकला नाही. संध्याकाळपर्यंत मला ‘मामा’ अशी हाक मारली की मी इतका पटकन वळायचो की माझं मलाच हसू यायचं.

शेवटी राहिला तो मोठा रोलर कोस्टर. तिथल्या दारावरच्या माणसाने हात जोडले. राइड अडकली तर जिन्याने उतरावं लागतं, ज्यांना पाय चालवता येत नाहीत त्यांना सोबती असला तरी नाही. आणि मी बसणार नसेन तर इतरांना रांग. झालं. पट्टीचा उपयोग संपला. मीच म्हटलं, तुम्ही जा, माझी टॅक्सी येईलच. (टॅक्सीला अजून खूप वेळ होता.) जावईबापूंनाही घरी जायचंच होतं, त्या रुळांकडे पाहून त्यांचा पाय उभ्या उभ्याच ब्रेक शोधत होता. पण सासूबाई हटून बसल्या. त्यांना याच्यातच बसायचं होतं, त्यासाठीच त्या आल्या होत्या.

“आणि पाय?” मुलगी म्हणाली.

“पाय दुखले तर दुखले. याच्यासाठी मी रांगेत उभी राहीन.”

तशी ती तिघं रांगेत उभी राहिली. आणि मी काय केलं असेल? रांगेला लोखंडी कठडा होता. त्याच्या बाहेरून मीही त्यांच्याबरोबर चालू लागलो. रांग दोन पावलं सरकली की मी चाकं अर्धा फेरा फिरवायचो. म्हणजे ज्या राइडवर मला कोणी बसू देणार नाही तिच्या रांगेत मी, रांगेच्या बाहेर राहून, संध्याकाळचं तिरपं ऊन तोंडावर घेत उभा होतो. (उभा म्हणजे तुम्ही समजून घ्या.) आणि वहिनी, तो त्या दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ होता. वेगळ्या दाराने पटकन आत जाण्यात मिळत नाही ते रांगेत असतं. लोक बोलतात! काही कारण नसताना बोलतात. एकाने मला टोपी धरायला दिली, एकीने रस्ता कुठला चांगला ते विचारलं, पुढच्या जोडप्याचं भांडण झालं ते आम्ही सगळ्यांनी मिळून मिटवलं. सासूबाईंनी माझा धंदा विचारला. मी सांगितला तशा त्या लाजल्या आणि तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, माझीही तुमच्यासारख्याच कोणीतरी केलेली. मी म्हटलं, मला ते आल्या आल्याच दिसलं होतं, डाव्या बाजूला जरा उंच बसते. त्या खूश झाल्या. त्यांच्या घरी हे कोणाला पटत नव्हतं म्हणे.

आत शिरायच्या दाराशी पाटी होती: चष्मे, टोप्या आणि सुट्या वस्तू काढून ठेवा. सामान मुलीने कपाटात ठेवलं. सासूबाईंनी जरा इकडेतिकडे पाहिलं, पाठ वळवली, आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी कठड्यावरून माझ्या हातात दिलं. मी मान डोलावली. आजवर मी कितीतरी कवळ्या लोकांकडे पाठवल्या, कोणी विश्वासाने माझ्याकडे ठेवायला दिलेली ती पहिलीच.

मग मी राइडच्या बाहेर पडायच्या दाराशी जाऊन बसलो. गाडी डोक्यावरून गेली. सगळ्यांची तोंडं उघडी, मी खालून सगळ्यांच्या दाढा पाहिल्या. त्यात एक बिनदाताचं तोंड इतकं मोठं उघडलं होतं आणि ते ओरडत नव्हतं, हसत होतं. दुसऱ्या फेरीला गाडी वरच्या वळणावर थांबली. बराच वेळ थांबली. कोणाला काही झालं नाही, यंत्रातच बिघाड होता, पण सगळ्यांना जिन्याने पलीकडच्या बाजूला उतरवलं. हे मला कोणी सांगितलं नाही. मी आपला माझ्या दाराशी रुमाल धरून बसलेला. दार बंद झालं, साखळी लागली, झाडूवाली बाई येऊन माझ्या चाकांभोवतालची जागा झाडून गेली. फोन होता, नंबर कोणाचाच नव्हता. दिवसभराच्या नातलगांचा नंबर घ्यायचा असतो हे कोणाच्या लक्षात राहतं?

मला काय वाटलं ते लिहू का? मला वाटलं, पट्टीचं काम झालं, ती तिघं गेली. मग वाटलं, दात सोडून कोण जाईल? मग वाटलं, जाईल, नवे करून घेईल. मी माहितीच्या खिडकीशी गेलो आणि म्हटलं, भोंग्यावर सांगायचंय. तिथल्या बाईंनी विचारलं, काय हरवलंय? आता तुम्हीच सांगा, एका भल्या बाईचे दात सापडलेत असं अख्ख्या पार्कला कसं ऐकवायचं? तिच्या चारचौघांतल्या अब्रूचा प्रश्न.

“माणूस हरवलाय,” मी म्हणालो.

“कोण?”

“मी.”

बाईंनी मला नीट निरखलं. मग भोंग्यावर सांगितलं, पिवळ्या पट्टीवाले मामा हरवले आहेत, घरच्यांनी येऊन घेऊन जावं, आणि नियमाप्रमाणे मला हरवलेल्या मुलांच्या खोलीत नेऊन बसवलं. भिंतीवर जिराफ रंगवलेला, बुटकी टेबलं, खडू, आणि दोन-तीन रडकी तोंडं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या खोलीत सगळ्यांत उंच मी होतो. माझ्याशेजारी चार वर्षांची एक मुलगी बसली होती. तिने बराच विचार करून मला विचारलं, “तुझी आई कधी येणार?”

“येतेय,” मी म्हणालो.

“रडू नको. रडलं की फुगा देतात, पण एकच.”

एकेकाचे आईबाप येत गेले. दार उघडलं की आम्ही सगळे मान वर करायचो. त्या मुलीचे वडील आले, तिने मला तिचा फुगा दिला आणि गेली. मग खोलीत मी, जिराफ आणि फुगा. बाई पर्स आवरू लागल्या. वहिनी, मी विनोदी माणूस आहे असं तुम्ही नेहमी म्हणता. त्या खोलीत मला एकही विनोद सुचला नाही.

दार उघडलं तेव्हा मी मान वर केलीच नाही. सासूबाई धापा टाकत, तोंडावर पदर धरून आत आल्या, मागे मुलगी, मागे जावई. मी रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि तसाच पिशवीत टाकला, दात लावलेसुद्धा नाहीत. बिनदाताचं बोलणं इतरांना कळत नाही, मला धंद्याने कळतं.

“वरून खाली आले, सगळ्या दारांवर विचारत सुटले. तुम्हाला वाटलं असेल, दातांसाठी आले. दात काय, दुसरे होतात हो!”

बाईंनी विचारलं, “हे तुमचे कोण?” मला कोणाच्या ताब्यात द्यायचं म्हणजे विचारायलाच हवं. जावईबापू बायकोकडे बघायला लागले.

“भाऊ,” सासूबाई म्हणाल्या. त्यात आता लबाडी नव्हती, पाय दुखल्याचं कारणही नव्हतं.

त्यांच्या गाडीत माझी खुर्ची मावेना, म्हणून माझी टॅक्सी येईपर्यंत ती तिघं माझ्याबरोबर फाटकाशी थांबली. सासूबाई उभ्याच राहिल्या. मी घरी आलो, दार उघडलं, दिवा लावला. एरवीचंच घर, पण त्या दिवशी ते जरा जास्तच शांत वाटलं. फुगा छताला जाऊन टेकला, खाली ओढायला माझा हात पुरला नाही. लॅबच्या ग्रुपवर धबधब्याचे फोटो आले होते. छान होता धबधबा.

असो. एकंदरीत सहल झकास झाली आणि माझं कोणावाचून अडत नाही हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. एवढं कळावं, याहून जास्त कळून घेऊ नये. लोभ आहे तसाच ठेवावा.

तुमचा,
भावोजी

ता. क. : नर्सबाईंनी फाटकाशी माझा नंबर घेतला होता. त्याच दिवशी निरोप आला, ‘मामा, पोचलात का?’ मी ‘हो’ असं कळवलं. त्याच्यापुढे लोक काय लिहितात ते मला आठवेना, म्हणून अजून काही लिहिलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

ता. क. २ : दादा गेल्यावर तुम्ही म्हणाला होतात की खालची खोली रिकामीच असते, आणि मी घाईने हवापाण्याचा विषय काढला होता. त्या खोलीच्या दाराची रुंदी मोजून कळवाल का? बाथरूमच्या दाराचीही. मधे उंबरठा असेल तर त्याची उंची. उगीच विचारतोय.

ता. क. ३ : वरचं ‘उगीच’ खोडायचं राहिलं. मापं सावकाश पाठवा, दार अरुंद निघालं तर सुतार मी शोधीन. त्याआधी एका ओळीचं पत्र टाका. त्यात नुसतं ‘या’ एवढं लिहिलंत तरी पुरे.